बर्फावरचा बैल

परभणी जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात बघा. गोदावरीच्या दक्षिणेला, परळी वैजनाथच्या जवळ, तुम्हाला सोनपेठ सापडेल. काळी जमीन, कापूस, ज्वारी, सोयाबीन असं हे तालुक्याचं गाव. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गावातली कुत्री तेव्हा काय करतात? हापशाजवळची ओली जागा शोधतात, पोट टेकवतात आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत पडून राहतात.

आता जगाचा नकाशा घ्या. सोनपेठ १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तिथून थेट ६७ अक्षांशाजवळ जा, अमेरिकेच्या अलास्का राज्यात. समुद्रकाठी कोट्झेब्यू नावाचं गाव दिसेल. इथं डिसेंबरात दिवस दोन तासांहूनही लहान असतो आणि पारा कधी कधी उणे तीसच्या खाली उतरतो. हाच परिसर अलास्कन मालाम्यूट या कुत्र्याचं माहेर.

तिथल्या माहलेमिउत लोकांनी हा कुत्रा पिढ्यान् पिढ्या सांभाळला. त्याला हे नावही त्यांच्यावरूनच मिळालं. शिकारीचं मांस, तंबू, सामानसुमान सगळं बर्फावरच्या घसरगाडीवर लादायचं आणि कुत्र्यांनी ते ओढायचं. आपल्याकडे बैलाचं जे काम, तेच तिकडे याचं! आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतो ना? तसाच तिकडेही हा कुत्रा घरातलाच एक.

घसरगाडीच्या कुत्र्यांना लगाम मात्र नसतो. गाडीवान ‘जी’ म्हणाला की उजवीकडे वळायचं, ‘हॉ’ म्हणाला की डावीकडे. पुढारी कुत्रा ऐकतो आणि बाकीचे त्याच्यामागून जातात.

मालाम्यूट नराची उंची खांद्यापर्यंत साधारण ६३ सेंटिमीटर आणि वजन ३८ किलोच्या आसपास. म्हणजे चौथी-पाचवीतल्या एखाद्या मुलापेक्षाही जास्त! पुष्कळजण त्याला हस्की समजतात. पण सैबेरियन हस्की अंगानं लहान आणि वेगानं पळणारा, तर मालाम्यूट सावकाश चालणारा आणि जड ओझं ओढणारा. आणखी एक खूण सांगू? हस्कीचे डोळे निळे असू शकतात, मालाम्यूटचे तपकिरीच.

थंडीसाठी त्याची तयारी तर बघा! अंगावर केसांचे दोन थर. आत लोकरीसारखा दाट आणि तेलकट, वर राठ केसांचा. पंजे मोठे, बोटांमध्येही केस. झोपताना तो अंगाचं वेटोळं करतो आणि झुबकेदार शेपटी नाकावर ओढून घेतो. झालं पांघरूण!

अलास्कात अशा कुत्र्यांचं मोल किती, हे १९२५ साली साऱ्या जगाला कळलं. नोम गावात घटसर्पाची साथ आली. मुलं दगावू लागली. औषध शेकडो किलोमीटर दूर आणि बर्फामुळे वाटा बंद. तेव्हा २० गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्यानं धावत, हजारावर किलोमीटरचं अंतर साडेपाच दिवसांत तोडून ते औषध पोचवलं. टोगो आणि बाल्टो हे त्यातले गाजलेले पुढारी हस्की होते. पुढं २०१० साली मालाम्यूट हा अलास्काचा ‘राज्य-कुत्रा’ ठरला. त्यासाठी खटपट कोणी केली, माहीत आहे? अँकरेज शहरातल्या पोलारिस शाळेच्या मुलांनी!

इतकं वाचून तुमच्यापैकी कुणी तरी नक्की म्हणेल, ‘‘आई, आपणही असं एक पिल्लू आणू या ना!’’ थांबा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचं पाणी वाळवूनच तो अंग थंड करतो. त्याच्या शरीराचं तापमान ३८-३९ अंश. बाहेरची हवाच त्याहून गरम असेल आणि अंगावर दोन थरांची लोकर असेल, तर उष्णता जाणार कुठं? उष्माघातानं असा कुत्रा थोड्या वेळात मरूही शकतो. ‘केस कापून टाकू’ म्हणाल, तर तेही चालत नाही. हेच केस त्याच्या कातडीला उन्हापासून वाचवतात. ‘एसी लावू’ म्हणाल, तर वीज गेल्यावर काय? आणि मैलोगणती ओझं ओढायला जन्मलेल्या जनावरानं खोलीत बसून जन्म काढायचा?

सोनपेठच्या उन्हाला जुळणारा कुत्रा आपल्याकडेच आहे, मराठवाड्याचा कारवानी. उंचीला मालाम्यूटच्या बरोबरीचा, वजनाला मात्र कितीतरी हलका. आखूड, गुळगुळीत केस, खोल छाती, बारीक कंबर, लांबसडक पाय. उघड्या माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटतो. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं मुधोळचं तिकीटही काढलं.

बर्फानं एक कुत्रा घडवला, माळरानानं दुसरा. मालाम्यूटची ओळख जरूर करून घ्या, त्याची चित्रं वहीत चिकटवा. पण पिल्लू घरी आणायचं असेल, तर आधी आई-बाबांबरोबर बसून एक प्रश्न सोडवा : आपल्या गावचं मे महिन्यातलं ऊन त्याला सोसेल का?