जुनं सोनं मोडीत जातं

जुनं ते सोनं असं ज्या घरांत उठताबसता म्हटलं जातं, त्याच घरांत जुनं सोनं सगळ्यांत आधी मोडीत जातं. विसंगती लहान आहे, पण एकदा ध्यानात आली की पिच्छा सोडत नाही. मराठी घरातला १९३०-४० च्या सुमाराचा कुठलाही जोडप्याचा फोटो घ्या. रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीत नवरा, शेजारी उभी बायको. तिच्या गळ्यात ठुशी, खाली बोरमाळ किंवा पुतळ्यांची माळ, दंडात वाकी, हातांत पाटल्या आणि तोडे, नाकात नथ. यातला एखादा तरी दागिना त्याच रूपात आज त्या घरात असेल, याची शक्यता कमीच. मुलीच्या लग्नात पाटल्या मोडल्या, मुलाच्या शिक्षणाला बोरमाळ गेली, वाकीच्या पुढे बांगड्या झाल्या. वजनातली घट आणि अडीअडचणीला विकलेलं सोडलं, तर सोनं बहुतेक घरातच फिरत राहिलं. गेली ती घडण. आणि फोटोत नेमकी घडणच तेवढी उरली आहे, सोन्याचा कणही नाही.

म्हणीचा अर्थ आपण कौतुकाचा घेतो, की जुन्याला सोन्याचं मोल असतं. पण सोन्याचा खास गुण कोणता हे पाहिलं, तर म्हण दुसरंच काही सांगू लागते. सोनं आटवता येतं, आणि आटवल्यावरही त्याची किंमत जवळपास तेवढीच राहते. लाकडी पाटाचं किंवा कापडाचं तसं नाही. म्हणजे ज्या वस्तूला खरोखर सोन्याचं मोल आहे, तीच मोडताना हात सगळ्यांत कमी थरथरतो. खऱ्या जरीच्या लुगड्यांचं हेच झालं. जुन्या पैठणीत आणि शालूत धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असे, तिच्यावर सोन्याचा मुलामा. लुगडं विरलं की जरीवाला ते विकत घेई, जाळी, आणि राखेतून चांदी काढी. जुन्या जरीच्या साड्या घेणारे व्यापारी आजही आहेत. ज्या लुगड्यात खरी जर नव्हती ते बोहारणीकडे गेलं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचं पातेलं आलं, नाहीतर त्याची गोधडी झाली. फोटोतही चांदीच आहे. कृष्णधवल फोटोचा काळा रंग चांदीच्या सूक्ष्म कणांचा असतो, आणि जुना फोटो तिरपा धरला की कडांना दिसणारी आरशासारखी झाक त्याच चांदीची असते. पण एका फोटोत ती इतकी थोडी, की ती काढून न्यायला दारावर कोणी येत नाही. म्हणून तो टिकला. घरात आठवण म्हणून जे मागे राहतं, ते बहुतेक वेळा किंमत नसल्यामुळेच राहतं, असं मला वाटू लागलं आहे.

फॅशनचा विचार केला तर हे आणखी पटतं. जुना फोटो केव्हाचा, हे चेहऱ्यावरून कळत नाही, कपड्यांवरून कळतं. पुरुषाच्या डोक्यावर पगडी आहे, काळी टोपी आहे की गांधी टोपी, बाईचं लुगडं नऊवारी आहे की तिने गोल पातळ नेसायला सुरुवात केली आहे, पोलक्याच्या बाह्या फुग्याच्या आहेत की कोपरापर्यंत सरळ, हे पाहिलं की दशक बरंचसं ठरतं. कपाळावर साधनाकट असेल तर फोटो १९६० च्या ‘लव्ह इन शिमला’नंतरचा. ठिपक्याठिपक्यांचा, पुढे गाठ मारलेला ब्लाउज ‘बॉबी’ची आठवण देतो, म्हणजे फोटो १९७३ नंतरचा. त्या त्या काळात घरातल्या वडीलधाऱ्यांनी याला थेर म्हटलं असेल. कपाळावर कापलेल्या केसांना कुठला सराफ भाव देणार? पण मावशी केव्हा तरुण होती आणि तिला कोणासारखं दिसावंसं वाटत होतं, हे सांगणारा दुसरा पुरावा घरात नसतो. तिच्या लग्नातल्या दागिन्यांची यादी मिळेल, वजनांसकट मिळेल. ती यादी तिच्या बापाच्या ऐपतीबद्दल सांगते. केसांची ती झुलपं तिच्याबद्दल सांगतात.

याला आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की मौल्यवान वस्तूही टिकतात: आजेसासूची पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवलेली असते, पिढीजात तन्मणी लॉकरात असतो. खरं आहे. पण त्या टिकल्या त्या घरांत मोडण्याची वेळ आली नाही म्हणून. ती सुबत्तेची खूण आहे, आठवणीच्या ओढीची असेलच असं नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचतो. फोटोतली घडणही उसनी असू शकते. स्टुडिओत कोट-टोपी मिळे, जावेचा हार एका दुपारपुरता मागून आणला जाई. तेव्हा फोटोत दिसतं ते घराचं रूप नसून घराची इच्छा असते. हे मान्य करायला हवं, मात्र इच्छाही आठवणीत धरायला हरकत नसावी. तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे धड उत्तर नाही. फोटो काढायला पैसे लागत. कितीतरी घरांत बाईचा पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा, म्हणजे १९९३ नंतरचा, आणि त्यात पदर डोक्यावर घेतलेला एक चेहरा तेवढा. अशा घराची घडण कुठे शोधायची? ज्याला किंमत नाही ते टिकतं असं म्हणताना, टिकायलाही थोडे पैसे आधी खर्चावे लागतात, हे माझ्या मांडणीतून निसटतं.

या विचाराने मी पुण्याच्या येरवड्यात येऊन थांबतो, कारण गांधी कुटुंबाच्या वस्तूंचा वाद इथल्या दोन वास्तूंपर्यंत पोचला आहे. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधला गेला. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत तो गांधीजींचा तुरुंग होता. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. आज तिथे कपडे, चपला, भांडी अशा वस्तू मांडलेल्या आहेत. राजवाड्यात मांडलेल्या या वस्तूंपैकी कुठलीही मोडीत घालून फारसं काही मिळालं नसतं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा सापडणार नाही, असं आधी वाटतं. पण कस्तुरबांची गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही.

गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत कस्तुरबांच्या पेहरावाबद्दल दोन प्रसंग आहेत. १८९६ च्या अखेरीस आफ्रिकेला निघताना गांधीजींनी घरच्यांचे कपडे ठरवले. पारशी लोक सर्वांत सुधारलेले मानले जात, म्हणून कस्तुरबांनी पारशी पद्धतीने साडी नेसायची, मुलांनी पारशी कोट आणि पाटलोण घालायची, आणि सगळ्यांनी बूट-मोजे. पाय दुखत, मोज्यांना घामाचा वास येई, तरी ते चालवून घ्यावं लागलं. त्या काळातले कस्तुरबांचे फोटो पाहताना हे ठाऊक असलं की साडीच्या निऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. दुसरा प्रसंग १९०१ मधला. आफ्रिका सोडताना लोकांनी सोन्याचांदीच्या भेटी दिल्या, त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा हार होता. गांधीजींनी सगळं सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे द्यायचं ठरवलं आणि आधी मुलांना राजी केलं. कस्तुरबा राजी होईनात. मला घालू देत नसाल तर नका देऊ, पण माझ्या सुनांचं काय, उद्याची वेळ कोणी पाहिली आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि तुमच्या सेवेत माझीही सेवा आहे, रात्रंदिवस मीही राबले आहे, हा त्यांचा दावा. शेवटी हार गेला. पुढे आपलं म्हणणं कस्तुरबांना पटलं, असं गांधीजींनी लिहिलं आहे. ते खरंही असेल, पण लिहिणारे तेच आहेत. या वादातली आपली बाजू कस्तुरबांनी स्वतः लिहिलेली सापडत नाही. घरातल्या वस्तूंची गोष्ट ज्याच्या हाती लेखणी असते त्याच्या तोंडून पुढच्या पिढीला मिळते, आणि वस्तू जिच्या अंगावर होती तिचं म्हणणं त्यात जेवढं मावेल तेवढंच येतं. इथे ते बरंच आलं, कारण गांधीजींनी स्वतःला न आवडणारी उत्तरंही गाळली नाहीत.

त्या वादाच्या वेळी धाकटा मुलगा देवदास एक वर्षाचा होता. ज्या सुनांसाठी कस्तुरबा भांडत होत्या, त्यांतल्या एकीचं, गांधीजींचे सहकारी राजाजी यांच्या मुलीचं, लक्ष्मीचं, देवदासशी लग्न १६ जून १९३३ रोजी लागलं. ते येरवड्यातच लागलं, लेडी प्रेमलीला ठाकरसींच्या ‘पर्णकुटी’ या बंगल्यात. दोघांना त्याआधी काही वर्षं एकमेकांपासून दूर राहायला लावलं होतं. लग्नाला गांधीजींच्या नुकत्याच संपलेल्या एकवीस दिवसांच्या उपोषणाची पार्श्वभूमी होती. तिथे बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या हाराची आठवण कोणाला झाली असेल का, हे कळायला मार्ग नाही. पण हार राहिला असता तर तो याच लग्नासारख्या प्रसंगासाठी राहिला असता. कस्तुरबांना तो जपायचा होता, पण आठवण म्हणून नव्हे. त्यांना तो उपयोगासाठी हवा होता, उद्याच्या वेळेसाठी. हे लक्षात आल्यावर माझ्या सुरुवातीच्या विधानाची एक बाजू खचते. दागिना मोडणाऱ्या घरावर मी विसराळूपणाचा आळ घेत होतो. पण दागिना साठवताना बाईच्या मनात मोडण्याची शक्यता पहिल्यापासून असते, किंबहुना त्यासाठीच ती तो साठवते.

दुसरी बाजू कस्तुरबांच्या अंत्यविधीने खचते. त्यांना अखेरची साडी नेसवली ती गांधीजींनी कातलेल्या सुताची. बाजारात तिला किंमत नव्हती, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे ती टिकायला हवी होती. आठवणीच्या दृष्टीने तर त्या घरात तिच्याइतकी अमोल वस्तू क्वचितच असेल. तीच जाणूनबुजून अग्नीला दिली गेली. आणि राखेत पाच काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या, असं जवळच्या लोकांच्या आठवणींत नोंदलेलं आहे. काय राहावं आणि काय जावं हे किंमत ठरवते असं मी म्हणत होतो. इथे किमतीला विचारलंच गेलं नाही. जी वस्तू सर्वांत जास्त तिची, ती तिच्यासोबत जावी, एवढाच हिशेब दिसतो. घडणही उरू नये, अशी इच्छासुद्धा प्रेमाची असू शकते, हे मी आधी धरलंच नव्हतं.

मग फोटोवर तरी विसंबावं का? फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांचं ‘कॅमेरा ल्युसिडा’ १९८० मध्ये आलं. त्यात त्यांनी जेम्स व्हॅन डर झी यांनी १९२६ मध्ये काढलेल्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबाच्या फोटोबद्दल लिहिलं आहे. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत आहेत. आधी बार्थ यांना एका बाईच्या पट्ट्याच्या बुटांनी खिळवून ठेवलं. नंतर, फोटो समोर नसताना, त्यांच्या लक्षात आलं की खरं खिळवून ठेवलं ते तिच्या गळ्यातल्या हाराने. सोन्याचा बारीक गोफ, अगदी तसाच त्यांच्या अविवाहित आत्याच्या गळ्यात असे, आणि ती गेल्यावर तो घरच्या दागिन्यांच्या डबीत बंद झाला. पुढे मार्गारेट ओलिन या अभ्यासक बाईंनी फोटो नीट पाहिला. त्या फोटोत सोन्याचा गोफ नाही, मोत्यांची माळ आहे. आत्याच्या ओढीने मोत्यांचं सोनं झालं होतं. इतका बारकाईने पाहणारा माणूस, आणि पुरावा छापील, तरीही आठवणीने दागिना आटवून नव्याने घडवला. सोनाराच्या मुशीत जे होतं तेच बार्थ यांच्या मनात झालं. म्हणजे घडण फोटोत सुरक्षित आहे, हे माझं समाधानही पुरतं खरं नाही. कागदावर ती राहते, पाहणाऱ्यापर्यंत पोचताना बदलते.

एवढ्यावर कोणी म्हणेल की मग हळहळ कशाला, गोधडीकडे पाहा. आजीची लुगडी, आईच्या साड्या, मुलांचे जुने सदरे एकावर एक घालून टाके घातले जातात, घडी, पदर, काठ सगळं मोडलं जातं, आणि त्याखाली नातवंडं झोपतात. तिथे घडण गेली आणि नातं राहिलं. हा युक्तिवाद मला जवळजवळ पटतो. पण गोधडीत काठाचा तुकडा ओळखू येतो, हे आजीचं लुगडं असं बोट ठेवून सांगता येतं. बांगडीतल्या कुठल्या ग्रॅममध्ये आजीची वाकी आहे हे कोण सांगणार? हल्ली दागिना मोडीत देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. तोडगा म्हणून तो वाईट नाही. मात्र हजारो फोटोंच्या गर्दीत तो फोटो कोणी पुन्हा उघडेल का, आणि उघडणाऱ्याला तो दागिना कोणाचा हे कळेल का, याची खात्री वाटत नाही.

सुनांना तो हार मिळाला असता आणि एखाद्या सुनेने अडचणीत तो मोडला असता, तर कस्तुरबांना वाईट वाटलं असतं का? त्यांच्या युक्तिवादावरून तरी वाटत नाही. उद्याची वेळ आली आणि हार कामी आला, असंच त्या म्हणाल्या असत्या. ज्या बायकांनी दागिने घातले, साठवले आणि मोडले, त्यांतल्या बहुतेकींचा हिशेब असाच असणार. घडण गेल्याचं दुःख त्यांचं नसेल, तर माझी ही हळहळ नेमकी कोणाच्या वतीने चालली आहे? मी त्यांची आठवण जपतो आहे, की त्यांना कधीच नको असलेली एक आठवण त्यांच्या नावावर मांडतो आहे, हे मला ठरवता येत नाही.