दोन मोहिदे आणि एकतीस ब्रॅकेट

डिझाइनचा डेटा सांभाळायचं सॉफ्टवेअर, म्हणजे पीडीएम, कंपनीत बसवायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात एक साधा प्रश्न येतो. एकाच नावाच्या दोन फायली चालतील का? सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये त्यासाठी एक सेटिंग आहे, ऑटोडेस्क व्हॉल्टमध्येही आहे. दोन सेकंदांचं काम. त्या दोन सेकंदांवरून आमच्याकडे तीन आठवडे वाद चालला. ज्यांना सॉफ्टवेअरचा कंटाळा येतो त्यांनीही वाचा, पुढे गावाकडच्या गोष्टी आहेत :-)

तर आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्याजवळची मशिनं बनवणारी एक कंपनी, नाव नको. पंधरा वर्षांची डिझाइनं सर्व्हरवरच्या फोल्डरांत, प्रत्येक ऑर्डरला एक फोल्डर. नवी ऑर्डर आली की त्यातल्या त्यात जवळचं जुनं मशीन शोधायचं, 'पॅक अँड गो' करून नव्या फोल्डरात टाकायचं आणि हवे तेवढे बदल करायचे. सगळीकडे असंच करतात. पण आपण सांगितल्याशिवाय 'पॅक अँड गो' नावं बदलत नाही. त्यामुळे स्कॅन केल्यावर एकट्या 'ब्रॅकेट' नावाच्या एकतीस फायली निघाल्या. 'बेसप्लेट' आणि 'पार्ट१' तर विचारूच नका.

"चालू दे की, वेगवेगळ्या फोल्डरांत आहेत ना?" असं निम्म्या लोकांचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. पण असेंब्लीच्या फाइलमध्ये पार्ट नसतो, पार्टचा पत्ता असतो. आणि त्याच नावाची दुसरी फाइल सॉलिडवर्क्समध्ये आधीच उघडी असली, तर ते बऱ्याचदा तीच उचलतं. स्क्रीनवर मशीन झकास दिसतं, फक्त त्यातली एक प्लेट भलत्याच मशिनची असते. आमचं काम सुरू व्हायच्या आधी हे तिथे घडून गेलं होतं. चुकीची प्लेट लेझर कटिंगला गेली आणि साइटवर जोडताना भोकं जुळेनात. मग चूक कोणाची यावर मीटिंगा झाल्या आणि शेवटी ती एका ट्रेनी पोराच्या नावावर खपली. त्या बिचाऱ्याने सांगितलेल्या नावाचीच फाइल पाठवली होती!

म्हणजे डुप्लिकेट चालू द्यायचे नाहीत हे माझ्यापुरतं ठरलं. मग नवीन नावं कशी द्यायची? इथे मला राहून राहून आमचा नंदुरबार जिल्हा आठवत होता. कारण हा प्रश्न आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी येऊन गेलाय.

आमच्या शहादा तालुक्यात मोहिदे नावाची दोन गावं आहेत. एक मोहिदे त. ह., दुसरं मोहिदे त. श. म्हणजे तर्फे हवेली आणि तर्फे शहादा. तर्फ ही जुनी महसुली विभागणी. आपल्या भाषेत सांगायचं तर फाइलच्या नावाला फोल्डरचं नाव जोडलं. आज कारभार तालुक्यावर चालतो, तर्फ गेली, पण नावाला चिकटून राहिली. त. ह. म्हणजे काय, हे माझ्या मामेभावंडांनाही सांगता येत नाही, आणि कुरिअरवाला दर वेळी फोन करून विचारतो, "कोणतं मोहिदे?" फायलींच्या नावात ऑर्डरचं नाव जोडलं की हेच होणार. ऑर्डर संपते, गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव बदलतं, आणि ब्रॅकेट मात्र जुनं आडनाव लावून फिरत राहतो.

महाराष्ट्रभर चालणारा दुसरा उपाय म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले, थोरलं आणि धाकटं. पुढे खुर्द वाढून बुद्रुकपेक्षा मोठं झालं तरी ते खुर्दच. आपलं 'बेसप्लेट न्यू' याच जातीचं. दहा वर्षं झाली तरी न्यू!

थोडक्यात काय, नावात जी माहिती भरावी ती पुढे खोटी ठरते.

तिसरा उपायही आमच्याच तालुक्यातला. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बारा आकडे, आणि त्यात काहीच अर्थ नाही. जिल्हा नाही, जात नाही, जन्मसाल नाही. शेवटचा आकडा फक्त टायपिंगची चूक पकडायला. २०१६ च्या कायद्यातही लिहिलंय की हा क्रमांक रँडम असावा आणि त्याचा माणसाच्या माहितीशी संबंध नसावा. गावांचंही तेच, २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. दोन्ही मोहिदे तिथे सुखाने वेगवेगळी नांदतात.

म्हणून आम्ही फायलींना नुसते क्रमाने नंबर दिले. 'ब्रॅकेट' हे नाव वर्णनाच्या रकान्यात गेलं, आणि जुनं नाव जुन्या फोल्डरासकट आणखी एका रकान्यात. तो रकाना काढू नका बरं का! व्हेंडरकडे, शॉप फ्लोअरवर जुन्या नावाच्या प्रिंट वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. तिथून फोन येतो तो जुन्या नावानेच.

पण नंबर देण्याआधी खरं काम असतं ते एकतीस ब्रॅकेट म्हणजे नक्की किती ब्रॅकेट, हे ठरवायचं. हॅश काढला की तंतोतंत कॉप्या लगेच सापडतात. त्यातली एक ठेवायची, बाकीच्या असेंब्ल्या तिच्याकडे वळवायच्या. हॅश वेगळा आला म्हणून पार्ट वेगळा असं मात्र नाही. कॅडची फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी बदलते. मग वजन, आकारमान, भोकांच्या जागा ताडून पाहायच्या. आधारमध्ये निदान बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं असतात, ब्रॅकेटला ती सोय नाही.

एवढं करूनही काही जोड्या उरल्याच. त्या घेऊन मी डिझाइनमधल्या निवृत्तीला आलेल्या काकांकडे गेलो. "काका, या दोन्हींत फरक फक्त एका भोकाचा आहे. एक काढू का?"

"अरे थांब! ते भोक त्या एकाच गिऱ्हाइकासाठी आहे. त्याची मोटर उलट्या बाजूला बसते. काढलंस तर स्पेअर मागेल तेव्हा काय देशील?"

हे कुठल्याही फोल्डरात लिहिलेलं नव्हतं. ते वर्षाअखेरीस रिटायर होणार होते. पुढचे चार दिवस मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि ते बोलतील ते वर्णनाच्या रकान्यात टाइप करत गेलो. सगळ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं काम तेच झालं असं माझं मत आहे.

तुमच्याकडे हे येणार असेल तर दोनच गोष्टी सांगतो. नावं व्हॉल्टमध्ये भरण्याआधी बदला, आणि बॅकअप घेऊन कॅडच्याच टूलमधून बदला. विंडोजमध्ये राइट क्लिक करून रिनेम केलंत तर असेंब्ली पार्ट शोधत बसेल. आणि डुप्लिकेटची यादी सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी काढा. ती यादी ज्यांना समजते, ती माणसं अजून ऑफिसात आहेत तोवर.