अडला की थांबला?

उजव्या कानाला हल्ली स आणि श सारखेच ऐकू येतात. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि ही व्यंजनं नेमकी तिथलीच. पूर्वी फळ्याकडे तोंड करूनही कोणी कुठला शब्द गिळला ते मी सांगायचे. नव्या शिक्षिकांसमोर तर मुद्दाम.

आता दुबईतल्या आमच्या भारतीय शाळेत मुलं टॅबलेटसमोर वाचतात आणि मी घरी हेडफोन लावून ऐकते. मायक्रोसॉफ्टचं 'रीडिंग प्रोग्रेस' चुकलेला, गाळलेला, घुसडलेला शब्द वेगवेगळा दाखवतं, मिनिटाला बरोबर शब्द किती तेही मोजतं. मल्याळी, सिंधी, मराठी वळणाचं इंग्रजी ते कधी कधी चूक धरतं. ती चूक मला खोडता येते.

मला छळतो तो थांबा. चौथीतला एक मुलगा प्रत्येक 'बट'नंतर थांबतो. अक्षरं जुळत नाहीत म्हणून नव्हे. वाक्य आता कुठे वळणार याचा अंदाज घेतो. अडलेल्या मुलाची नजर शब्दावर खिळते, याची पडद्यावरून सुटते. पण घरच्यांनी कॅमेरा बंद ठेवला, की उरतात नुसते सेकंद. आकडा घसरतो आणि त्याची आई मला आकड्याबद्दलच विचारते.

उलट शनिवारच्या मराठी वर्गात कोणी थांबतच नाही. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी तोंडात बसलेली. 'बाळ'चं 'बाल' करत पान धडाधड संपतं. काय वाचलं विचारा, सगळे छताकडे बघतात. अशा वेगाची जाहिरात करणारे शिकवणीवाले इथे कमी नाहीत. मार्च हा अमिरातीचा वाचन महिना. तेव्हा तर भिंतींवर वेगाचे तक्ते लागतात. खरं तर 'पर्ल्स' चाचणीत दुबईचे गुण २०१६ मध्ये ५१५ होते, २०२१ मध्ये ५५२ झाले, आणि ती चाचणी चौथीच्या मुलाला वाचलेलं किती समजलं तेच विचारते. वेग मोजत नाही.

तरी रोज रात्री त्या मुलाच्या थांब्याचे तेच चार सेकंद मी मागेपुढे करत बसते. यंत्राचं आणि माझं जुळलं नाही की आधी मला आनंद होतो, तपासते नंतर. तपासल्यावर तेच बरोबर निघालं, तर त्या शनिवारी मराठी वर्गाला 'ळ' जरा जास्तच वेळा म्हणावा लागतो.