जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यूवरचे बायसन

वॉशिंग्टनमधला जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यू चढून गेलो आणि हॉवर्ड विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकताच डोळे विस्फारले. लाल विटांची फाउंडर्स लायब्ररी, तिच्या माथ्यावर पांढराशुभ्र घड्याळाचा मनोरा, खाली हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी झाडं! मधल्या प्रशस्त हिरवळीला सगळे नुसतं ‘यार्ड’ म्हणतात. तिथे विद्यार्थी मंडळांची आपापली झाडं आहेत, आपापल्या रंगांत सजवलेली. त्या झाडांखाली पोरंपोरी टाचा आपटताहेत, टाळ्या देताहेत, मांड्यांवर थापा मारताहेत. ना ढोल, ना हलगी, अंगच वाद्य! लेझमाचा डाव रंगात यावा तसा ताल चढत जातो. एकीकडून आरोळी येते, ‘एच-यू!’, आणि दुसरीकडून उत्तर गर्जतं, ‘यू नो!’

मराठवाड्याच्या माणसाला इथे मिलिंद महाविद्यालय आठवणारच. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला शिक्षणाचं जे दार उघडलं, तसंच दार कृष्णवर्णीयांसाठी इथे १८६७ मध्ये उघडलं होतं, गुलामगिरी संपून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. यार्डाच्या कडेला रँकिन चॅपल आहे. त्याचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड थर्मन १९३६ मध्ये बारडोलीला येऊन गांधीजींना भेटले होते. कुठे बारडोली, कुठे हे चॅपल! मी त्या भिंतीवर तळहात टेकवून उभा राहिलो.

पण मला ओढ होती ती ग्रीन स्टेडियमची. आमच्याकडच्या मैदानांसारखं हे गावाबाहेर नाही. ते वर्गखोल्यांना खेटून आहे. व्याख्यान संपवून बाहेर पडावं आणि चार पावलांवर गोलपोस्ट! इथल्या फुटबॉल (सॉकर) संघाचं नाव बायसन.

या संघाने १९६१ मध्येच छोट्या महाविद्यालयांच्या संघटनेचं, एनएआयएचं, विजेतेपद जिंकलं होतं. खरा भडका उडाला तो १९७० च्या दशकात, लिंकन फिलिप्स प्रशिक्षक झाल्यावर. फिलिप्स त्रिनिदादचे, स्वतः गोलरक्षक. त्यांनी जमवलेल्या संघात त्रिनिदाद, जमैका, बर्म्युडा, नायजेरिया इथली पोरं होती. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच वेळी कानावर पडतात. त्यात वाढलेल्या मला अशा संघाचं भारी कौतुक. मैदानात एकमेकांना हाका मारताना किती तऱ्हेचे हेल उठत असतील!

१९७१ मध्ये हा संघ एकही सामना हरला नाही. मायामीच्या ऑरेंज बाउलमध्ये अंतिम सामन्यात त्यांनी सेंट लुईस विद्यापीठाला ३-२ असं हरवलं. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने देशाच्या सर्वोच्च महाविद्यालयीन स्पर्धेत अजिंक्यपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. आणि मग? एनसीएए या नियामक संघटनेने खेळाडूंच्या पात्रतेची चौकशी लावली, अजिंक्यपद काढून घेतलं आणि १९७३ च्या बाद फेरीची दारंही बंद केली! तेव्हा असा नियम होता की परदेशी विद्यार्थी एकोणिसाव्या वर्षानंतर मायदेशी संघटित स्पर्धेत खेळला असेल, तर तो काळ त्याच्या पात्रतेतून वजा करायचा. अमेरिकन पोरांना ही कात्री नव्हती. हॉवर्ड कोर्टात गेलं. कोर्टाने तो नियम घटनाविरोधी ठरवला, पण इतर नियमांच्या आधारे शिक्षा कायम राहिली. हे वाचताना माझी कानशिलं तापली. सरळसरळ दुजाभाव होता तो.

आता १९७४. एकोणीस सामने, एकोणीस विजय. ६३ गोल केले, अंगावर घेतले फक्त सहा! अंतिम फेरीत समोर पुन्हा तेच सेंट लुईस, तोवर दहा वेळा अजिंक्य ठरलेलं. मैदानही त्यांच्याच शहरातलं, बुश स्टेडियम. रिकाम्या पायरीवर बसून मी तो सामना डोळ्यांपुढे आणतो. १-१ अशी बरोबरी. जादा वेळ. पुन्हा जादा वेळ. तिसऱ्यांदा. पोटऱ्यांत गोळे आलेत, श्वास पुरत नाही, हजारो घसे विरोधात ओरडताहेत. चौथा जादा वेळ सुरू होतो आणि नायजेरियाच्या केनेथ इलोडिग्वेचा चेंडू जाळ्यात! २-१! इथे बसल्या बसल्या माझीच मूठ हवेत जाते.

पुढे १९८८ मध्ये कीथ टकर यांच्या हाताखाली हा संघ पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि इंडियानाकडून अवघ्या एका गोलाने हरला.

एनसीएएच्या यादीत १९७१ च्या विजेत्याची जागा आजही रिकामी आहे. मैदानावर जिंकलेला सामना कागदावर कसा पुसता येतो, हे मला अजून पटलेलं नाही. म्हणून देगलूरच्या शाळेतली पोरं विचारतील, ‘सर, ते किती वेळा जिंकले?’, तेव्हा मी १९६१, १९७१ आणि १९७४ ही तिन्ही वर्षं फळ्यावर लिहिणार आहे.