खळ्यावरचा नाच

भाताची झोडणी आटोपली की खळं मोकळं होतं, आणि मग तिथे तारपा येतो. पालघर, डहाणू, जव्हारच्या वारली पाड्यांचं नाचघर हेच. चोपून घट्ट केलेली, शेणाने सारवलेली जमीन, नाहीतर घरापुढचं अंगण. भिंत नाही, छप्पर नाही. पावसाळ्यात ते वाहून जातं आणि कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कृपा झाली की पुन्हा सारवलं जातं. त्याचा इतिहास दगडावर कुठून सापडणार? तो पायांत आहे.

तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य: वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे बुजवायला मेण. गंजाडच्या बाजूला एका रात्री वादकाशेजारी बसलो होतो. सुरात हवा फुसफुसू लागली. त्यांनी तारपा मांडीवर घेतला, मेणाची गोळी निखाऱ्यावर धरली, अंगठ्याने सांध्यावर दाबली, जराशी फुंकर घातली आणि पुन्हा गाल फुगवले. एकमेकांच्या कमरेला हात घालून उभी असलेली बायाबाप्यांची साखळी तोवर जागेवरच डुलत होती. पुढच्याने काठी आपटली आणि फेर सुरू झाला. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा इथला एकच नियम.

याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रांतून हा फेर जगभर नेला. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातली नाचाची गुंडाळी वरून पाहिल्यासारखी दिसते, माणसं मात्र बाजूने. नाचणाऱ्याला स्वतःचा फेर असाच जाणवत असणार, असं मला नेहमी वाटतं. तिकडे जव्हारच्या वाळवंड्यात भिकल्या लाडक्या धिंडा यांनी वाडवडिलांचा तारपा नव्वदीपर्यंत वाजता ठेवला.

आमच्या बोईसर-तारापूरकडे गोष्ट वेगळी. 1969 मध्ये तारापूरला अणुवीज सुरू झाली, मग एमआयडीसी पसरली. पुढच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच उठली. शेत गेलं की झोडणी जाते, झोडणी गेली की खळं. आता तारपा स्टेजवर दिसतो. प्रेक्षकांना तोंडं दिसावीत म्हणून फेर उलगडून सरळ ओळ करतात, आणि वादक मागे राहतो. तारप्याकडे सगळ्यांची पाठ! ते पाहताना मला फार वाईट वाटतं.

त्या रात्री गंजाडला बारा वाजून गेल्यावर एक पोरगा मोटारसायकलवरून आला. दुसरी पाळी संपवून थेट. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. खळ्याच्या कडेला चपलांचा ढीग होता, त्यात त्याने बूट काढले, मोजे आत कोंबले. ओळखपत्र पाठीवर टाकलं. शेपटाकडच्या म्हातारीने मान न वळवताच हात लांब केला.