उर्दूवरचा गंज

‘जावा जरा रस्टी झालंय,’ असं आम्ही इंटरव्ह्यूत बिनधास्त सांगतो. दोन रात्री यूट्यूब, की गंज साफ. खुलताबादच्या आमच्या आजोबांच्या उर्दूवरचा गंज तसा नव्हता. शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढं सगळं मराठीत. साठेक वर्षांनी वाटणीच्या वेळी जमिनीचा उर्दू कागद निघाला. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईनात. उजवीकडून बोट सरकवत बसले. रकबा, मौजे भराभर आले. ते शब्द मराठीतही रोजचेच. अडले ते वारसांतल्या एका बाईच्या नावावर. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, शब्द आधीच ओळखीचा असावा लागतो. सगुणा? सुगना? घरात कोणालाच माहीत नव्हती. चष्मा काढून आजोबा म्हणाले, “हिचा वाटा कोणाला द्यायचा रे?”