आधी नकार

ऑटिस्टिक मुलांसाठीच्या आमच्या सेंटरवर नवं मूल आलं की आई-बाबांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "ताई, हा एका जागी कधी बसेल?" शाळेतून रोज तक्रारी येत असतात, त्यामुळे त्यांची घाई मला समजते. तरीही मी सुरुवात बसण्यापासून करत नाही. मुलाला आधी नकार द्यायला शिकवते.

एक न बोलणारा मुलगा मण्यांचा ट्रे समोर आला की स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायचा. घरचे म्हणायचे, हट्टी आहे. आमच्या नोंदवहीत तीन रकाने असतात : आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. तिसरा रकाना वाचला आणि उलगडा झाला. तो चावला की दर वेळी कुणीतरी घाबरून ट्रे उचलत होतं. नको असलेलं काम थांबवायचा तेवढा एकच मार्ग त्याला सापडला होता.

अशा वेळी चावणं नुसतं थांबवून भागत नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली दाखवून दिलं, की त्याच हेतूसाठी संवादाचा सोपा मार्ग शिकवला तर असं वागणं कमी होतं. आम्ही लाल फुलीचं लॅमिनेट केलेलं कार्ड केलं. ट्रे आला की मागे बसलेली सहकारी एक शब्दही न बोलता त्याचा हात कार्डाकडे नेई. कार्ड माझ्या हातात पडलं की ट्रे लगेच बाजूला. इथे "थांब, एवढा एक मणी घाल" चालत नाही.

खरी कसोटी मागच्या त्या हाताची. आधी तो मुलाचा पंजा धरतो, मग मनगट, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. उशिरा काढला तर मूल त्या हाताचीच वाट बघत बसतं. घाईनं काढला तर पुन्हा चावतं. कधी काढायचा, हे मुलाच्या खांद्यावरचा ताण बघून कळतं.

"मग हा सगळ्यालाच नको म्हणेल!" म्हणतो ना, सुरुवातीला म्हणतोच. म्हणू द्यावं. आपलं ऐकलं जातं हे पटलं, की 'दोन मणी, मग बंद' हा सौदा त्याला मान्य होतो. औषध, रस्ता ओलांडणं, अशा ठिकाणी मात्र नकार चालणार नसतो; तिथे ते कार्ड समोर ठेवायचंच नाही, पुढे काय होणार ते चित्रांतून आधी सांगायचं.

वागणं बदलण्यावर आधारलेल्या या उपचारपद्धतीचा इतिहास निर्मळ नाही. लॉस एंजेलिसच्या इव्हार लोव्हास यांच्या 1987 च्या अभ्यासात आठवड्याला 40 तासांचं शिक्षण होतं, 19 पैकी 9 मुलं सर्वसाधारण पातळीला आली असा दावा होता, आणि मुलांना शिक्षाही होती. हात हलवू नको, डोळ्यांत बघ, अशा सक्तीनं काय सोसावं लागलं, हे मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी पुढे लिहिलं आहे. त्यांचं ऐकायलाच हवं. ही दोन उद्दिष्टं मी कुठल्याच मुलाच्या फाइलमध्ये लिहीत नाही.

तुमच्या मुलासाठी सेंटर बघत असाल, तर फीच्या आधी एवढं विचारा : मूल नको म्हणालं तर तुम्ही काय करता? मग एक सेशन बसून बघू द्या म्हणा. बघू देत नसतील, तर मूल तिथे ठेवू नका.